ओल्डेनबुर्गला मी येणार नाही

चँडलर,
५ जुलै २०२५

देवदत्त,

चाळीसएक वर्षांत तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही. आज मारते आहे, आणि ती प्रेमाने नव्हे. 'सप्रेम' लिहायला घेतलं होतं, हात पुढे सरकेना.

तुमची सहा पानं पोचली. 'ओल्डेनबुर्ग : एक ओळख'. वर मथळा, खाली उपमथळे, शेवटी नकाशा. चिप बनवणाऱ्या कंपनीत जन्मभर असेच रिपोर्ट लिहिलेत, तेव्हा सवय जाणार नाही हे मी समजू शकते. पण बायकोला न सांगता घर सोडून गेलेला माणूस पहिलं पत्र पाठवतो आणि त्याची सुरुवात शहराच्या लोकसंख्येने करतो, असं मी आजवर कुठे ऐकलं नव्हतं.

मी रीमाकडे रेडमंडला आठवडाभर गेले आणि मागे तुम्ही बॅग भरलीत. मला कळलं ते लेकीच्या स्वयंपाकघरात. तुम्ही फ्रँकफर्टहून तिला फोन केलात. 'ओके बाबा, ओके,' असं दोनतीनदा म्हणून तिने फोन छातीशी धरला आणि मला म्हणाली, "आई, बाबा जर्मनीत आहेत. ही इज सेफ. प्लीज ओरडू नकोस." मी ओरडले नाही. कणीक मळत होते, ती मळून पुरी केली. पोळ्या मात्र रीमाने केल्या.

फोनवर आपलं काय होतं ते तेव्हापासून दोनदा पाहिलं. मी बोलायला लागले की तुम्ही फोन ठेवता. म्हणून हे छापून पोस्टाने पाठवते आहे. कागदाला मधेच तोडता येत नाही. अक्षरं मोठी केली आहेत. दिसलं नाही अशी सबब चालणार नाही.

आता तुमच्या सहा पानांकडे येते.

लोकसंख्या एक लाख सत्तर हजार. बरं. म्हणजे आपल्या वाळवंटातल्या चँडलरपेक्षाही लहान. जमीन सपाट, चढ-उतार नाही, 'त्यामुळे चालायला उत्तम'. उन्हाळ्यात हवा बावीस अंशांपर्यंत. पाऊस बाराही महिने थोडाथोडा, 'पण छत्री घेतली की काही अडत नाही'. गावाच्या मध्यावर गाड्यांना बंदी, १९६७ पासून, आणि अशी बंदी करणाऱ्या जर्मनीतल्या पहिल्या गावांपैकी हे एक. हे वाक्य तुम्ही अधोरेखित केलं आहे. मला कळतं कशासाठी ते. बस दर दहा मिनिटांनी. ब्रेमेन आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. समुद्र जवळ. पिवळा राजवाडा, त्यामागे बाग, बागेत बदकं. हिवाळ्यात केल नावाची पालेभाजी तासन्‌तास शिजवतात आणि गावजेवणं घालतात, त्यात डुकराचं सॉसेज असतं पण 'आपण ते बाजूला काढू शकतो'.

'आपण' कोण? तुम्ही आणि हाइको?

हाइकोबद्दल माझी तक्रार नाही. पंचाहत्तर साली जर्मनीत ट्रेनिंगला गेला होतात तेव्हा त्याच्याच शेजारी लेथवर उभे होतात, नाताळची कार्डं कधी चुकली नाहीत, आता त्याची बायको गेली, खालची खोली रिकामी आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. म्हातारा मित्र म्हाताऱ्या मित्राला खोली देतो, त्यात त्याचा काय दोष?

दोष असा आहे की सहा पानांत इतिहास आहे, हवामान आहे, बसचे मार्ग आहेत, घराचे फोटो आहेत, 'सुचित्रा, तू इथे आलीस तर तुला आवडेल' हेही आहे. कांचनचं नाव मात्र कुठेही नाही.

पानं मी रिसायकलच्या डब्यात टाकली आहेत.

सुचित्रा

चँडलर,
२६ जुलै

देवदत्त,

तुमचं उत्तर चार ओळींचं आलं. 'तू मला न विचारता माझी गाडी विकलीस. त्या घरात मी कैदी होतो. इथे मी रोज सकाळी पायी जाऊन ब्रेड आणतो. हे तुला कळणार नाही.'

होय, विकली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा विकेन. त्या दिवसाची तुम्ही मनाशी काय गोष्ट रचली आहे कोण जाणे, म्हणून मी पाहिलं ते लिहून ठेवते.

दिवाळीनंतरचा रविवार होता. देवळात स्नेहभोजन झालं. मी आत भांडी आवरत होते. तुम्ही गाडी दाराशी आणायला गेलात. कांचन हातात रिकामं पातेलं घेऊन पार्किंग ओलांडत होती. पातेलं पडल्याचा आवाज मी आतून ऐकला. धावत बाहेर आले तर ती उताणी पडलेली, डावा पाय गुडघ्याखाली भलत्या बाजूला वळलेला. जन्मभर भूल देण्याचं काम केलं, मोडलेली माणसं कमी पाहिली नाहीत. पण तिथे माझी मैत्रीण होती. अमेरिकेत आल्यावर माझ्या हातात पहिला चहाचा कप ठेवणारी कांचन. मी तिचा पाय धरून बसले आणि तुम्ही गाडीचं दार धरून उभे होतात. येईल त्याला सांगत होतात, "ऊन डोळ्यांवर आलं. एकदम ऊन डोळ्यांवर आलं."

पोलिसालाही तेच सांगितलंत.

तिसऱ्या दिवशी कांचनच्या पायात धातूची पट्टी बसवायचं ऑपरेशन होतं. सकाळी मी हॉस्पिटलला निघाले आणि तुम्ही गाडीची किल्ली मागितलीत. केस कापायला जायचं होतं. तिच्या पायात स्क्रू बसणार होते त्या सकाळी तुम्हाला केस कापायचे होते. संध्याकाळी गाडी गेली. कुणी नेली, कितीला नेली, मला आठवतही नाही.

आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरबाई. तुम्हाला आठवतो का तो दिवस? मी शेजारी बसले होते. त्यांनी यंत्र बाजूला केलं आणि सरळ तुम्हाला विचारलं, "मिस्टर केळकर, तुम्ही अजून गाडी चालवत होतात? मी मागच्याच वर्षी सांगितलं होतं ना, चालवू नका म्हणून?" काचबिंदू. दोन्ही कडांची नजर गेलेली, डावीकडची जास्त. मला तुम्ही वर्षभर सांगत होतात, 'नंबर थोडा वाढलाय'. मी डॉक्टर आहे, देवदत्त. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी बसून तुम्ही रोज डोळ्यांत थेंब घालत होतात आणि ते 'कोरडेपणासाठी' आहेत म्हणत होतात.

मग लायसन्स गेलं, आणि तुम्ही घरात बसलात. मी म्हटलं, बिनड्रायव्हरच्या टॅक्सी या गावभर फिरतात, फोनवर बोट दाबलं की दारात येते. एकदा बसलात. परत आलात ते ओठ घट्ट मिटून. म्हणालात, "या गावात आता गाडीलासुद्धा माणूस लागत नाही, आणि मला मात्र त्याच गाडीत मागे बसवतात." पुन्हा म्हणून बसला नाहीत. मी केमिस्टकडे नेईन म्हटलं तर नको. भाजीला चला म्हटलं तर नको. खिडकीशी खुर्ची ओढून बसायचं आणि रस्त्याकडे बघायचं. रस्त्यावर बघायला होतं काय? त्या उन्हात कुत्रंही फिरत नाही.

कैदी म्हणता. कैद्याला शिक्षा कशाची ते तरी माहीत असतं.

कांचनला आठ महिने झाले. वॉकर सुटलेला नाही. त्या आठ महिन्यांत तिच्या घरी तुम्ही एकदाही गेला नाहीत. मी दर वेळी विचारलं. दर वेळी 'उद्या'. तुम्ही पळालात ते बससाठी नाही आणि ब्रेडसाठीही नाही.

तुमच्या चौथ्या पानावर त्या काउंटची गोष्ट आहे, युरोपभर तीस वर्षं युद्ध पेटलं होतं आणि त्याने चालून आलेल्या सेनापतीला उत्तम घोडे भेट देऊन गाव वाचवलं. 'मोठा मुत्सद्दी' लिहिलं आहे तुम्ही. त्याने निदान काहीतरी दिलं हो. तुम्ही काय दिलंत?

सुचित्रा

चँडलर,
२४ ऑगस्ट

देवदत्त,

गेल्या सोमवारी संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. तुम्ही इथे असता तर अंगणात उभे राहून फोटो काढले असते. ती तपकिरी भिंत पूर्वेकडून चालत आली आणि गल्लीतले दिवे वेळेआधीच लागले. त्यात आपला एसी बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, दोन दिवस लागतील. रात्रीपर्यंत घर तव्यासारखं झालं. मी बॅग उचलली आणि कांचनकडे गेले.

तिचं घर पहिल्या मजल्यावर आहे हे तुम्हाला माहीत आहे. लिफ्ट नाही. ती जिना कसा चढते ते माहीत नसेल. खालच्या पायरीवर पाठमोरी बसते, हातांनी अंग उचलते, एक पायरी वर सरकते, पुन्हा बसते. वॉकर मी वर नेला. मधल्या वळणावर ती थांबली, मला म्हणाली, "अशी बघू नकोस. लहानपणी घसरगुंडीवर उलटं चढायचो ना, तसं समज." मला हसू आलं नाही.

दोन दिवस आम्ही दोघीच होतो. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या पर्समधून औषधाची गोळी काढायला घेतली आणि तिच्या हाताला तुमची सहा पानं लागली. ती पर्समध्ये कशी आली होती कुणास ठाऊक. तिने चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मध्येच म्हणाली, "देऊळ बाहेरून टोकदार आणि आत गोल? बघायला हवं." ते लांबेर्टी चर्चबद्दल. "मोठी आग लागली तेव्हा हा लाप्पान नावाचा मनोरा तेवढा राहिला, बघ." जशी काही ती सहलीला निघाली होती. मला राग आला. मी म्हटलं, "कांचन, त्या माणसाने तुझा पाय मोडला."

"माहीत आहे. माझाच पाय आहे."

"सहा पानांत तुझं नाव नाही."

"तेही दिसलं मला." पानं घडी करून तिने मांडीवर ठेवली. "सुचित्रा, माझं एकच दुखणं आहे. पाय मोडला तो मोडला. माणसाच्या हातून होतं. पण तो म्हणतो, ऊन डोळ्यांवर आलं. त्या दिवशी ढग होते गं. मी उताणी पडले होते, माझ्यासमोर दुसरं काही नव्हतं, आकाशच होतं. भरलेलं आकाश. मग माझी मुलं मला विचारतात, 'मम्मा, तू बघून क्रॉस केलंस ना?' म्हणजे मीच चुकले की काय! त्याने एवढंच म्हणावं, मला दिसलं नाही. मला पैसे नकोत, फुलं नकोत."

मी म्हटलं, तो म्हणणार नाही. तशी ती माझ्याकडे वळली.

"तू त्याला म्हणायला जागा दिलीस का? मी तुमच्या घरी फोन केला की तो उचलायचा, आणि तू शेजारी असलीस तरी त्याच्याशी बोलायची नाहीस. मला पलीकडून ऐकू यायचं. 'त्यांना सांगा', 'त्यांना विचारा'. कोणाला सांगा? घरात होतं कोण तिसरं?"

हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. पण ती म्हणाली, लिही. म्हणून लिहिलं. माझं त्यावर म्हणणं इतकंच आहे की खोटं बोलणाऱ्याशी बोलून काय मिळतं?

रीमाने माझं तिकीट काढलं आहे. दहा सप्टेंबरला ब्रेमेनला उतरते, तिथून आगगाडीने येते. राहायला येते आहे असं समजून हाइकोच्या बागेत खुर्च्या मांडू नका. चार दिवसांसाठी हॉटेल घेतलं आहे. तुम्ही माझ्यासमोर फोन उचलून कांचनशी बोलावं, एवढ्यासाठी येते आहे. ते झालं की मी परत.

सुचित्रा

चँडलर,
२८ सप्टेंबर

देवदत्त,

आपल्या चार दिवसांची हकिकत तुम्ही रीमाला सांगितलीत. तिने ती मला फोनवर सांगितली. 'आई, बाबा म्हणतात इट वेंट वेल.' तुमच्या हकिकतीत पाऊस आहे, बदकं आहेत, मला राजवाडा आवडला असंही आहे. ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे ते तेवढं नाही. तेव्हा तुम्ही तिथे होतात तरी पुन्हा सांगते.

स्टेशनवर तुम्ही उभे होतात. मला तुम्ही आधी ओळखू आला नाहीत. पाठ ताठ, गालांवर रंग, रेनकोट घातलेला. मी डावीकडून आले. अगदी खांद्याशी येईपर्यंत तुम्हाला कळलं नाही. कळलं तेव्हा म्हणालात, "वेळेवर आली गाडी." मी म्हटलं, "हो." सासरी पहिल्यांदा आले होते तेव्हाही आपण एवढंच बोललो होतो.

पहिले तीन दिवस तुम्ही मला गाव दाखवलंत. पान पहिलं, पान दुसरं, त्याच क्रमाने. मी प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं. लाप्पान पाहून म्हटलं, सांगलीच्या शाळेचं घड्याळ याहून उंच होतं. शेतात उभी केल पाहून म्हटलं, ही गुरांना घालतात. हाइको बिचारा हसत राहिला, त्याला वाटलं मी कौतुक करते आहे. पण बसचा ड्रायव्हर तुम्हाला 'मोइन' म्हणाला आणि तुम्ही 'मोइन' म्हणालात, बेकरीतल्या पोरीने न मागता तुमचा ब्रेड बांधला, हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही. इथे आठ महिने तुम्हाला कुणी नमस्कार केला नव्हता.

फोनचा विषय मी रोज काढला. तुम्ही रोज म्हणालात, "आज नको, आज पाऊस आहे." पावसाचा आणि फोनचा काय संबंध, देवदत्त?

चौथ्या दिवशी सकाळी आपण बागेकडे निघालो होतो. रिमझिम चालू होती. तुम्ही पुढे, मला त्या बंदी घातलेल्या रस्त्याचं माहात्म्य सांगत. फुटपाथला लागून लाल विटांची पट्टी होती, सायकलींची. तुम्ही बोलता बोलता डावीकडे पाऊल टाकलंत. मी ओरडले. घंटा वाजली. पुढे लाकडी पेटी लावलेली सायकल, पेटीत दोन मुलं, चालवणारी तरुण बाई. तिने हँडल वळवलं, सायकल कलली, ती रस्त्यावर गुडघ्यावर पडली. पेटी आडवी झाली. मुलं आत पट्ट्यांनी बांधलेली होती, त्यांना काही झालं नाही. पण धाकटीने जो सूर लावला! मी मुलांकडे धावले. बाईचा तळहात सोलला होता, मी माझ्या स्कार्फने बांधला.

मग मी मान वर केली. तुम्ही तिथेच उभे होतात. त्या बाईकडे बघत होतात आणि तोंड उघडून काहीतरी सांगायला लागला होतात. जर्मन मला येत नाही. फोनवर थोडं शिकले आहे, तेवढंच. पण 'झोने' म्हणजे ऊन, एवढा शब्द मला येतो. 'डी झोने,' असं तुम्ही म्हणालात. तुमच्या चष्म्यावरून पाणी ओघळत होतं. ती बाई रडकुंडीला आलेली, तरी तिने आभाळाकडे पाहिलं. मग तुमच्याकडे.

तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला ते रीमाला कुणी सांगितलं नाही. मी सांगणार नाही.

तुम्ही त्या ओल्या रस्त्यावर खाली बसलात. त्या बाईला म्हणालात ते मला अर्धंच कळलं. नंतर हाइकोला विचारलं. 'मी तुम्हाला पाहिलं नाही. मला या बाजूचं दिसत नाही.' आणि मग माझ्याकडे न बघता, मराठीत, "सुचित्रा, कांचनही दिसली नव्हती मला. आवाज झाला तेव्हा कळलं. आधी वाटलं, नुसतं पातेलंच पडलंय."

त्या बाईने काय करावं? तिने तुम्हाला हात देऊन उठवलं. स्वतःचा तळहात सोललेला, त्याच हाताने. घरापर्यंत सोडू का असं विचारलं. मग सायकल उभी केली आणि मुलांना घेऊन गेली.

आपण बागेतल्या बाकावर बसलो. मी म्हटलं, आता फोन लावा. तुम्ही म्हणालात, "माझा आवाज निघणार नाही."

मी म्हटलं, "मला माहीत होतं. पळायची सवयच लागली आहे."

तुम्ही म्हणालात, "तू एकदा तरी विचारलंस का, काय दिसतं मला? डॉक्टर आहेस तू. आठ महिन्यांत एकदा तरी?"

मी उठून हॉटेलवर गेले. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तुम्ही आला नाहीत, हाइको आला.

हे सगळं झालं, आणि तुम्ही रीमाला सांगितलंत, बदकं पाहिली.

आता विचारते. कागदावर विचारते, कारण समोर विचारता आलं नाही. तुम्हाला काय दिसतं?

सुचित्रा

चँडलर,
१९ ऑक्टोबर

देवदत्त,

तुमचं पत्र आलं. 'भिंतीला वीतभर भोक पाडून त्यातून बघावं, तसं. भोकातलं स्वच्छ दिसतं. बाकी काळं नसतं, नसतंच.' दोनदा वाचलं. तुम्ही दंडाला तीन काळ्या ठिपक्यांची पिवळी पट्टी बांधता आणि पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, हे वाचलं. काठीला इथे तुम्ही हात लावला नसतात. मी आणून ठेवली असती तर फेकली असतीत. तेही वाचताना राग आलाच.

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मी कांचनकडेच होते. तुम्हाला वाटलं ती एकटी आहे. तिने स्पीकर लावला, मला बोटाने गप्प बसायची खूण केली. तुम्ही आधी हवेचं विचारलंत. मग तुम्ही म्हणालात, "कांचन, त्या दिवशी ऊन नव्हतं. मला तू दिसलीच नाहीस. डॉक्टरांनी चालवू नका सांगितलं होतं, तरी मी चालवत होतो. तुझं काही चुकलं नव्हतं."

ती म्हणाली, "पुन्हा सांगा."

तुम्ही पुन्हा सांगितलंत. तिने ते टेप केलं आहे, मुलांना ऐकवायला. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. मग ती म्हणाली, "बरं. ठेवा आता," आणि तिनेच फोन ठेवला. माझ्याकडे पाणी मागितलं. पेला हातात धरून बसली, प्यायली नाही. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, ऐकल्यावर हलकं वाटेल. आणखीच राग आला गं." मी म्हटलं, येऊ दे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तुम्ही तिथे राहण्याचा परवाना मागता आहात, आणि मी यावं असं पुन्हा लिहिलं आहे. या वेळी नकाशा जोडला नाहीत, त्याबद्दल आभार.

मी येणार नाही. हे रागाने लिहीत नाही. म्हणजे राग आहेच, पण कारण तो नाही. त्या गावात तुम्ही माणसांत आहात. दारातून बाहेर पडून कुठेतरी पोचता. मी तिथे आले तर सकाळी तुमच्याआधी दाराशी उभी राहीन आणि म्हणेन, थांबा, मी येते, डावीकडे बघा. आठ दिवसांत तुम्ही पुन्हा खिडकीशी खुर्ची ओढाल. मला मी माहीत आहे. आणि माझं सगळं इथे आहे. माझी गाडी मी अजून चालवते, माझे डोळे तपासून आले आहे, शंका नको. तुम्ही तिथेच राहा. रीमा रडली. तिला म्हटलं, कुणी मेलेलं नाही, दोघं दोन गावांत आहेत. वकिलाकडे जाण्याचा मला उत्साह नाही. तुम्हाला असेल तर तसं कळवा.

आणखी एक. कांचनच्या घराचा करार या महिन्यात संपत होता. तो जिना मला बघवत नव्हता. तिला मी आपल्याकडे आणलं. खालची तुमची अभ्यासाची खोली तिला दिली. बाथरूम लागून आहे, पायऱ्या नाहीत. तुमची पुस्तकं खोक्यांत घालून गॅरेजमध्ये ठेवली, तुमच्या गाडीची जागा रिकामीच होती. टेबल तिने ठेवून घेतलं. त्यावर ती पत्ते मांडते. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही 'उद्या' म्हणाला असतात.

मार्चमध्ये इथे हवा बरी असते. यायचं असेल तर या, राहायला नव्हे, भेटायला. खोली मिळणार नाही, हॉलमधला सोफा मिळेल. कांचनला सकाळी पलंगावरून उठताना हात लागतो, माझ्या कंबरेला ते आता झेपत नाही. तुम्ही असाल तितके दिवस तो तुम्ही द्यायचा. हे मी तिला विचारूनच लिहिते आहे. आधी ती नको म्हणाली. थोड्या वेळाने पत्ते पिसता पिसता म्हणाली, "येऊ दे. हात कसा धरतो ते बघते, मग ठरवीन."

सुचित्रा